सायकलच्या फ्रेमचें मोल

दिसावयास सारख्याच दोन सायकली. मग एकीची किंमत दुसरीच्या कित्येक पट कां? हा गृहस्थांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर बव्हंशीं फ्रेमच्या द्रव्यांत सांपडतें. पोलाद पाण्याच्या सुमारें ७.८ पट जड, टायटॅनियम ४.५, ॲल्युमिनियम २.७ आणि कार्बनतंतूंचें मिश्रण १.६ पट. तथापि हलकेपणा हेंच मोलाचें माप नव्हे. ॲल्युमिनियम टायटॅनियमहून हलकें असूनहि पुष्कळ स्वस्त आहे. अधिक मोल घडणीच्या श्रमांचें. तापलेलें टायटॅनियम हवेंतील प्राणवायु शोषून ठिसूळ होतें, म्हणून त्याचे सांधे आर्गॉन वायूच्या आवरणांत करावे लागतात. कार्बनचे थर साच्यांत हातानें बसवावे लागतात. हा खर्च शर्यतींत सार्थकीं लागतो. शाळेस जाणाऱ्या मुलाला मात्र पोलादी फ्रेमच द्यावी, असें आम्हांस वाटतें. ती तुटली तरी गांवचा वेल्डर सांधून देतो.