झडपेला योजना, सुईला कोण?

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे साखर कारखान्याचे गाव. ऊस तोडणाऱ्याचे अख्खे कुटुंब फडावरच्या कोपीत दाटीने झोपते. मुलाचा घसा दुखतो, पुढे सांधे सुजतात. हा संधिवाताचा ताप असू शकतो. सांधे बरे होतात, हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडू शकतात.

दर तीन-चार आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे मिळाली, तर पुढचे नुकसान टळते. औषध स्वस्त आहे. पण नंदुरबारचा आदिवासी मजूर हंगामात दक्षिण गुजरातच्या फडावर जातो आणि सुईची तारीख गावच्या कागदावरच राहते. युरोपात तर घरे सुधारली तसा हा रोग पेनिसिलिनच्या आधीच ओसरू लागला होता. म्हणजे हे नशीब नव्हे, दारिद्र्य आहे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झडपेची शस्त्रक्रिया होते. पण ती वेळ येऊच नये, याची जबाबदारी कोणाची? पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेळेवर उपचार हा अनुच्छेद २१ खालील हक्क मानला. पैशाची सबब फेटाळली. तो निकाल तातडीच्या उपचाराचा होता. तेच तत्त्व सुईला का लागू नये?

दोन्ही राज्यांत चालेल असे सुईचे कार्ड द्या. ही भीक नव्हे, हक्काची मागणी आहे.