केनएकी
केनएकी हा हक्क आणि त्यापासून मिळणारा लाभ यांचा एकत्रित बोध करून देणारा औपचारिक जपानी शब्द आहे. ‘केन’ म्हणजे अधिकार, ‘एकी’ म्हणजे लाभ. मराठीतील ‘एकी’शी त्याचा संबंध नाही. नुसत्या हक्काला जपानीत ‘केनरी’ म्हणतात.

१९०५च्या पोर्ट्समथ तहाने रशियाकडील ल्याओतुंग द्वीपकल्पाचा भाडेपट्टा आणि चांगचुनच्या दक्षिणेकडील रेल्वेमार्ग जपानकडे आले. या साऱ्याला जपानमध्ये मांचुरियातील केनएकी म्हटले जाई. त्याच्या रक्षणाची सबब सांगतच सप्टेंबर १९३१ पासून जपानी सैन्याने मांचुरिया व्यापला. अशा ठिकाणी केवळ ‘हक्क’ असे भाषांतर केल्यास परक्या भूमीवरील लाभ न्याय्य भासू लागतो. ‘हक्क व हितसंबंध’ हेच अधिक योग्य. आज परदेशी तेलक्षेत्रांतील वाट्यालाही केनएकी म्हणतात, तर ‘कितोकु केनएकी’ म्हणजे प्रस्थापितांचे हितसंबंध.