शिल्प वाचावे कसे?

चौकातला घोडेस्वाराचा पुतळा आपल्याला लगेच कळतो. चबुतऱ्यावर नाव असते, तारीख असते. पण एखाद्या कचेरीपुढे लोखंडाचा मोठा वाकडा पत्रा शिल्प म्हणून उभा असला, तर? "हे काय आहे?" असे आपण विचारतो. उत्तर मिळाले नाही, की हसून पुढे जातो.

मुलांनो, इतकी घाई करू नका. तुम्ही उर्दू शायरी वाचता. तिच्यात शमा म्हणजे नुसती मेणबत्ती नसते आणि परवाना म्हणजे नुसता पतंग नसतो. कवी एक वस्तू दाखवतो आणि दुसऱ्या गोष्टीकडे इशारा करतो. शिल्पकारही तेच करतो. शब्दांऐवजी त्याच्याजवळ दगड, धातू आणि मोकळी जागा असते.

आपल्या भंडारा जिल्ह्यात ही रीत फार जुनी आहे. वैनगंगेच्या काठी पवनी हे गाव आहे. तिथे १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. तिथल्या जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाच्या कठड्याचा एक दगडी खांब प्रसिद्ध आहे. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. त्यावर फणा उभारलेला नाग कोरला आहे. त्याचे नाव मुचलिंद. बुद्ध ध्यानाला बसले असताना मुसळधार पाऊस आला आणि या नागाने त्यांच्यावर फणा धरला, अशी कथा आहे. पण खांबाकडे नीट पाहा. नाग आहे, आसन आहे. आसनावर कोणीच नाही! त्या काळचे शिल्पकार बुद्धांची मूर्ती कोरत नसत. रिकामे आसन पाहून लोक समजून घेत. म्हणजे शिल्पात काय नाही, हेही वाचावे लागते.

आताच्या मोठ्या शिल्पांकडेही असेच पाहता येते. राम सुतार हे धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावचे शिल्पकार. मध्य प्रदेशात चंबळ नदीवरील गांधीसागर धरणापाशी त्यांनी ४५ फूट उंचीचे शिल्प घडवले. एक आई आणि तिची दोन मुले, एवढेच त्यात दिसते. पण शिल्प धरणापाशी आहे, हे ध्यानात घेतले की अर्थ उलगडतो. आई म्हणजे चंबळ नदी. मुले म्हणजे तिचे पाणी वाटून घेणारी मध्य प्रदेश आणि राजस्थान ही दोन राज्ये. हेच शिल्प बाजारात उभे असते, तर ती नुसती आई आणि मुले वाटली असती.

मुंबईत १९५४ साली जन्मलेले अनिश कपूर यांचे शिल्प याहून अवघड आहे. ते अमेरिकेतील शिकागो शहरात आहे आणि २००६ मध्ये पुरे झाले. पोलादाचे १६८ पत्रे जोडून, घासून इतके गुळगुळीत केले आहेत की सांधा दिसत नाही. त्यात माणूस नाही, प्राणी नाही. कपूर यांनी त्याला 'क्लाउड गेट', म्हणजे ढगांचे दार, असे नाव दिले. लोकांनी मात्र आकार पाहून त्याला घेवड्याचा दाणा म्हणायला सुरुवात केली! भंडाऱ्याच्या पितळी गुंडात तुम्ही आपला चेहरा लांबट झालेला पाहिला असेल. इथेही तसेच होते; फक्त तुमच्याबरोबर सारे शहर आणि आकाश त्यात दिसते. पाहणारा जवळ आला की तोही शिल्पात येतो.

अर्थावरून भांडणही होते. रिचर्ड सेरा या शिल्पकाराने १९८१ मध्ये न्यूयॉर्कमधील सरकारी कचेऱ्यांपुढच्या चौकात १२० फूट लांब आणि १२ फूट उंच अशी पोलादी भिंत उभी केली. ती किंचित कललेली होती. चौकातून चालताना माणसाला आपल्या चालण्याची जाणीव व्हावी, असा सेरा यांचा हेतू होता. पण कचेरीतले अनेक लोक म्हणाले, "आमची वाट अडली! रोज वळसा घालायचा?" १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. १२२ जण शिल्पाच्या बाजूने बोलले, ५८ जण विरुद्ध. तरीही समितीने चार विरुद्ध एक मताने शिल्प हलवण्याचा निर्णय दिला. सेरा यांचे म्हणणे असे, की हे शिल्प याच जागेसाठी केले आहे. ते हलवणे म्हणजे ते मोडणेच. ते न्यायालयात गेले, पण हरले. १५ मार्च १९८९ च्या रात्री शिल्पाचे तुकडे करून ते नेण्यात आले.

मला सेरा यांचे म्हणणे समजते. पण ज्यांना रोज त्या चौकातून जायचे होते, त्यांचे मत भिंत उभी करण्याआधी घ्यायला हवे होते, असेही वाटते.

पवनीचा तो खांबही आता टेकडीवर नाही. तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिथे तो सुरक्षित आहे आणि देशोदेशीचे लोक तो पाहतात. टेकडी मात्र पवनीत आहे. सेरा यांचे म्हणणे या खांबाला लागू पडते का? वर्गात दोन बाजू करून यावर बोला.