स्टॅब्जचं जाणं

२०२३ च्या एप्रिलमध्ये जीसीसी कंपायलरची तेरावी आवृत्ती आली आणि तिच्यातून स्टॅब्जला कायमचा नारळ मिळाला. बाराव्या आवृत्तीतच इशारा दिला होता, तरी मी चरफडलोच. ऑफिसातल्या पोरांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "स्टॅब्ज म्हणजे काय, सर?"

असेंबलर सूचनांचे आकडे करून देतो. पण प्रोग्राम कोसळला की डीबगरला विचारायचं असतं, हा पत्ता मूळ फाइलच्या कितव्या ओळीचा? ते उत्तर ऑब्जेक्ट फाइलमध्ये कसं लिहून ठेवायचं, याच्या अनेक रीती झाल्या; स्टॅब्ज त्यातलीच एक. नॅझमसारख्या असेंबलरने तर सगळ्यांचं मन राखलं: ईएलएफ फाइलींसाठी स्टॅब्ज आणि ड्वार्फ, जुन्या ओबीजे फाइलींसाठी बोरलँडची रीत, विंडोजसाठी कोडव्ह्यू.

ऐंशीचं दशक झटकन ओलांडू. पास्कलच्या एका डीबगरसाठी बर्कलीच्या पीटर केसलरने स्टॅब्ज काढलं म्हणतात. बेल लॅब्जमध्ये ड्वार्फ जन्मलं. ईएलएफच्या जोडीला हे बुटकं नाव. डॉसवाले टॅझम आणि टर्बो डीबगरमध्ये सुखी होते.

नव्वदचं दशक मात्र आमचं. कंपायलरला असेंब्ली फाइल मागायची आणि त्यातली स्टॅब्ज सरळ वाचायची. नाव, कोलन, मग एक अक्षर: मोठा एफ असेल तर फंक्शन सगळ्यांना दिसणारं, छोटा एफ असेल तर फाइलपुरतं. आकडा ६८ म्हणजे ओळ, १०० म्हणजे मूळ फाइल. 'इंट'ची व्याख्या त्याच्या किमान-कमाल मर्यादांनी व्हायची. 'डबल'ला अशा मर्यादा कुठून आणणार? म्हणून खालची मर्यादा ८ आणि वरची शून्य लिहायचे; अशी उलटी जोडी दिसली की समजायचं, हा आठ बाइटचा फ्लोटिंग पॉइंट प्रकार. जुगाडच, पण डोळ्यांना दिसणारा.

तिकडे ड्वार्फची दुसरी आवृत्ती १९९३ मध्ये मसुदा म्हणून निघाली आणि युनिक्स इंटरनॅशनल ही संस्थाच गुंडाळली गेली. ड्वार्फ ठरवणाऱ्या समितीला वाली उरला नाही. ज्याने त्याने आपापली ठिगळं लावली आणि त्यांचा त्रास आम्ही भोगला. तिसरी आवृत्ती उजाडायला २००५ चा डिसेंबर लागला. तोवर, २००२ मध्येच, जीसीसी ३.१ ने लिनक्सवर स्टॅब्जला बाजूला सारून त्या मसुद्यालाच गादीवर बसवलं होतं.

त्याच काळातला एक हिशेब बाकी आहे. एका कंपनीत साहेबांचं फर्मान निघालं: बायनरी लहान दिसली पाहिजे, स्ट्रिप मारून डीबग माहिती काढून टाका. मूळ प्रत जपून ठेवू म्हटलं, तर "डिस्कवर जागा नाही." महिन्याभरात ग्राहकाकडून कोसळलेल्या प्रोग्रामची कोअर फाइल आली आणि तेच साहेब विचारू लागले, "कुठल्या ओळीवर मेला?" पत्ते होते, ओळी साहेबांनीच पुसल्या होत्या.

स्टॅब्जला जावं लागणार होतं, हे मान्य. व्हेरिएबल दहाव्या सूचनेपर्यंत रजिस्टरमध्ये आणि पुढे स्टॅकवर, हे त्याला धड सांगता येत नव्हतं. ड्वार्फला येतं. त्याच्या ओळींचा तक्ता हाच मुळी एक छोटा प्रोग्राम असतो. तो चालवला की ओळी बाहेर पडतात. पण तो उघड्या डोळ्यांनी कोण वाचणार? आता पाचवी आवृत्ती आहे, माहितीचा पसारा कोडपेक्षा मोठा, आणि एवढं करून जीडीबी हा डीबगर म्हणतो 'ऑप्टिमाइझ्ड आउट'. मग पोरं पुन्हा प्रिंटएफ टाकतात आणि साहेब लोक अजूनही स्ट्रिप मारायला सांगतात. निदान डीबग माहितीची वेगळी फाइल तरी जपून ठेवा रे. तिच्यासाठी डिस्क आता स्वस्त झाली आहे.