तक्ता वजन सांगतो, चरबी नाही
जुन्या जालन्यातला पोती वाहणारा हमाल आणि दिवसभर गादीवर बसणारा व्यापारी यांची उंची आणि वजन सारखेच भरले, तर उंची-वजनाचा तक्ता दोघांना एकच शेरा देईल. एकाच्या अंगात स्नायू, दुसऱ्याच्या पोटात चरबी. हे तक्त्याला दिसतच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१! आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह गाठतो, त्यामागे ही लपलेली चरबी हेही एक मोठे कारण. म्हणून कमरेला टेप लावाच. पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे आकडा गेला, तर वजन ‘योग्य’ असले तरी रक्तातली साखर तपासून घ्या.