सहभाडेकरूंचे विभक्त होणे

सहभाडेकरूंचे विभक्त होणे म्हणजे एकाच कराराने संयुक्तपणे घर भाड्याने घेतलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींपैकी एखाद्या व्यक्तीने कराराची मुदत संपण्यापूर्वी ते घर सोडणे. पती-पत्नींमधील दुरावा, विवाहाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्याचा वियोग, भावंडांचे वेगळे होणे किंवा एकत्र राहणाऱ्या नोकरदारांपैकी एकाची बदली ही त्याची नेहमीची कारणे होत. अशा वेळी घरमालकापुढे प्रामुख्याने चार प्रश्न उभे राहतात : भाडे कोणाकडून घ्यावे, करार कोणाच्या नावे चालू ठेवावा, अनामत रक्कम कोणास परत करावी आणि मागे राहिलेल्या व्यक्तीस घरात राहण्याचा हक्क आहे काय. या लेखात मुख्यतः भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील कायदेशीर स्थितीचा विचार केला आहे.

कराराचे स्वरूप

महाराष्ट्रात घर दोन प्रकारे दिले जाते. पहिला प्रकार भाडेपट्ट्याचा. यात जागेतील हितसंबंध भाडेकरूकडे जातो व मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ यातील तरतुदी लागू होतात. जुन्या चाळींतील पागडीची घरे याच प्रकारात मोडतात. दुसरा प्रकार ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराचा. यात केवळ राहण्याची परवानगी मिळते. अशी परवानगी, म्हणजेच अनुज्ञप्ती, व्यक्तिगत असते आणि भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ अन्वये सामान्यतः ती दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. शहरांमधील अकरा महिन्यांचे बहुतेक करार या प्रकारचे असतात. बोलीभाषेत दोन्ही प्रकारच्या रहिवाशांना भाडेकरूच म्हटले जाते. विभक्ततेचे परिणाम मात्र दोन्ही प्रकारांत सारखे नसतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार दोन्ही प्रकारचे करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी केलेली नसल्यास कराराच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. सहभाडेकरूंमध्ये तंटा उद्भवतो तेव्हा या तरतुदीचे महत्त्व विशेष जाणवते, कारण करारात नाव कोणाचे होते याविषयीच परस्परविरोधी दावे केले जातात.

भाड्याची जबाबदारी

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार अनेकांनी मिळून दिलेले वचन पूर्ण करण्याची मागणी, करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास, त्यांपैकी कोणाही एकाकडे करता येते. त्यामुळे ‘माझा निम्मा हिस्सा मी दिला’ हे उत्तर घरमालकाला बंधनकारक नसते. ज्याने संपूर्ण रक्कम भरली त्याला इतरांकडून त्यांचा वाटा मागता येतो आणि विरुद्ध उद्देश करारातून दिसत नसल्यास हा वाटा समसमान असतो.

उदाहरणार्थ, दरमहा २४,००० रुपये भाड्याच्या घरातून दोघांपैकी एकजण करार चालू असतानाच निघून गेला आणि त्यानंतरचे तीन महिन्यांचे भाडे थकले, तर ७२,००० रुपयांची मागणी घरमालक दोघांपैकी कोणाकडेही करू शकतो. राहिलेल्याने ती रक्कम भरल्यास त्यास दुसऱ्याकडून ३६,००० रुपये मागता येतात. हा दुसरा व्यवहार त्या दोघांमधील असून घरमालक त्याचा पक्षकार नसतो.

घरमालकाने एकास जबाबदारीतून मुक्त केले तरी कलम ४४ नुसार इतरांची जबाबदारी संपत नाही. तसेच मुक्त झालेली व्यक्ती इतर सहभाडेकरूंच्या देण्यातूनही सुटत नाही. याउलट सर्वांच्या संमतीने जुन्या कराराच्या जागी नवा करार केल्यास कलम ६२ नुसार जुना करार पाळण्याची आवश्यकता उरत नाही. म्हणूनच नव्या करारापूर्वी मागील थकबाकीचा हिशेब लेखी नोंदवून ठेवणे हिताचे ठरते.

घर सोडण्याची सूचना

दोघांनी केलेला करार एकाच्या पत्राने संपला असे घरमालकाने गृहीत धरणे धोक्याचे असते. सोडून जाणारी व्यक्ती स्वतःपुरते बोलू शकते. मागे राहणाऱ्याचा ताबा तिच्या सहीने नष्ट होत नाही. मुदतपूर्व समाप्तीची अट, सूचनेचा कालावधी आणि ती सूचना सर्वांनी मिळून द्यावयाची की कोणा एकाने दिलेली पुरेशी, हे करारातच स्पष्ट असणे इष्ट होय.

मागे राहिलेला सहभाडेकरू पोटभाडेकरू ठरत नाही, कारण त्याचा हक्क मूळ करारातूनच आलेला असतो. परंतु रिकाम्या झालेल्या जागी त्याने मोबदला घेऊन तिसऱ्याच व्यक्तीस परवानगीविना ठेवल्यास बेकायदा पोटभाड्याचा प्रश्न निर्माण होऊ शकतो, आणि ते ताबा परत मिळविण्याचे एक कारण आहे.

अनामत रक्कम

संयुक्तपणे दिलेली अनामत रक्कम परत मागण्याचा हक्कही संयुक्त असतो. करार अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये याचे तत्त्व सापडते. रक्कम प्रत्यक्षात एकाच्याच बँक खात्यातून आली असली तरी करारनाम्यात ती दोघांच्या नावे नोंदलेली असल्यास, दोघांच्या लेखी संमतीविना एकालाच ती परत देणे घरमालकास अडचणीचे ठरू शकते. शिवाय, घर अद्याप रिकामे झालेले नसताना निम्मी अनामत परत केल्यास नुकसानभरपाईसाठीचे तारण तेवढे कमी होते. यामुळे पुढील दोन मार्ग सोयीचे मानले जातात :

• घराचा संपूर्ण ताबा परत मिळेपर्यंत रक्कम तशीच ठेवणे व शेवटी दोघांच्या सहीने हिशेब पूर्ण करणे.
• राहणाऱ्या व्यक्तीने जाणाऱ्याचा वाटा परस्पर देणे, आणि यापुढे संपूर्ण अनामतीवर राहणाऱ्याचाच हक्क राहील असे पत्र दोघांनी घरमालकास देणे.

पती-पत्नींमधील विभक्तता

विवाहित जोडप्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक असतो. अनेक घरांचा करार एकट्या पतीच्या नावे असतो. तो निघून गेल्यावर पत्नी व मुले मागे राहतात आणि भाडे देण्याचे थांबवून पती अप्रत्यक्षपणे त्यांना बेघर करू शकतो.

बंगळूरु येथील एका घरासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली या स्थितीचा विचार केला. भाडेकरू पतीने टाकून दिलेली पत्नी त्या घरात राहत असेल आणि पतीने खटला लढविण्याचे सोडून दिले असेल, तर तिला स्वतः बचाव करता येतो, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पतीला जे बचाव उपलब्ध होते तेवढेच तिला मांडता येतात आणि भाडे व इतर देणी देण्याची जबाबदारी तिला पत्करावी लागते. घटस्फोट झाल्यानंतर हा हक्क उरत नाही. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात अथवा समझोत्यात निवासाची तरतूद असल्यास गोष्ट वेगळी.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यातील ‘सामायिक घर’ या संज्ञेत भाड्याचे घरही येते, मग करार दोघांच्या नावे असो वा एकाच्या. विवाहसदृश संबंधांतील स्त्रीलाही या कायद्याचे संरक्षण आहे. दंडाधिकारी प्रतिवादीस घरातून दूर राहण्याचा, पर्यायी निवासाची सोय करण्याचा किंवा त्याचे भाडे भरण्याचा आदेश देऊ शकतात. हे आदेश मुख्यतः कुटुंबातील प्रतिवादीविरुद्ध असतात. घरमालकाचा भाडे मिळण्याचा किंवा कायदेशीर मार्गाने ताबा मागण्याचा हक्क त्यामुळे संपुष्टात येत नाही. परंतु पतीच्या सांगण्यावरून कुलूप बदलून पत्नीस बाहेर ठेवणे घरमालकास कायद्याच्या कचाट्यात आणू शकते.

घरमालकाची कार्यपद्धती

विभक्ततेची वार्ता कळल्यानंतर घरमालकाने साधारणतः पुढील क्रमाने जाणे योग्य समजले जाते :

• मूळ करारात कोणाची नावे व सह्या आहेत ते तपासणे.
• दोघांनाही एकाच मजकुराचे पत्र पाठवून त्यांचे म्हणणे लेखी मागविणे.
• राहू इच्छिणारी व्यक्ती एकटीने भाडे भरू शकेल काय, याची शहानिशा करणे; आवश्यक वाटल्यास जामीनदार मागणे.
• सर्वांची संमती असल्यास जुना करार रद्द करून नव्या नावाने करार करणे व त्याची रीतसर नोंदणी करणे. महाराष्ट्रात साठ महिन्यांपर्यंतचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार करता येतो.
• संमती नसल्यास मूळ करार चालू ठेवणे आणि मिळालेल्या भाड्याची पावती कराराप्रमाणे सर्व सहभाडेकरूंच्या नावे देऊन रक्कम कोणी भरली याची तीत नोंद करणे.
• गृहनिर्माण संस्थेस व स्थानिक पोलीस ठाण्यास रहिवाशांमधील बदल कळविणे.

पागडीच्या घरांत पावतीवरील नावाला मोठे मोल असते. त्यामुळे एकाच्या तोंडी विनंतीवरून दुसऱ्याचे नाव पावतीवरून वगळल्यास पुढे दीर्घकाळ चालणारा दावा उभा राहण्याची शक्यता असते.

टाळावयाच्या गोष्टी

भांडणात बाजू घेणे, एकाची माहिती दुसऱ्यास पुरविणे, सोडून गेलेल्याचे सामान परस्पर बाहेर काढणे आणि करारात नाव असलेल्या व्यक्तीस घरात येण्यापासून अडविणे या गोष्टी घरमालकाने टाळाव्यात. अडविण्याचा आदेश द्यावयाचा झाल्यास तो न्यायालयाने द्यावा लागतो. पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडण्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई केली आहे. भाडेकरूचा ताबा बेकायदा काढून घेतल्यास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ अन्वये सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मिळविता येतो. अनुज्ञप्तीची मुदत संपूनही निवासी जागा रिकामी न झाल्यास घरमालकाने कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. मुदतीनंतरच्या काळासाठी अनुज्ञप्ती शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद त्यात आहे.

इंग्लंडमधील स्थिती

इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९१ साली दिलेल्या निर्णयानुसार, ठरावीक मुदत नसलेली व कालावधीगणिक पुढे चालणारी संयुक्त भाडेदारी कोणाही एका सहभाडेकरूच्या वैध सूचनेने संपुष्टात येते. दुसऱ्याची संमती लागत नाही. यातून मागे राहिलेल्या जोडीदारावर अन्याय होऊ शकतो. फॅमिली लॉ अ‍ॅक्ट, १९९६ अन्वये विशिष्ट प्रकारच्या भाडेदारी एका जोडीदाराच्या नावावरून दुसऱ्याच्या नावे करण्याचा अधिकार तेथील न्यायालयांना आहे.

हेही पाहा

• पागडी पद्धत
• महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९
• कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५