सूर्यप्रकाशाने पाणी निर्जंतुक करण्याची रीत

दूषित पाण्यामुळे पटकी, हगवण व विषमज्वर हे रोग पसरतात. पाणी उकळणे उत्तम. परंतु सरपणाची टंचाई असलेल्या घरी सूर्यप्रकाशाचा उपयोग करता येतो. बैरूत येथील आफ्तिम अक्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास या रीतीचा अभ्यास केला.

दोन लिटरपर्यंतची रंगहीन, ओरखडे नसलेली पेट प्लॅस्टिकची बाटली स्वच्छ धुवावी. कीटकनाशकाची रिकामी बाटली कदापि वापरू नये. पाणी गाळून निवळू द्यावे व बाटलीत भरावे. भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवून वरून पाहावे. मथळा वाचता न आल्यास पाणी गढूळ समजावे, कारण त्यात किरण खोलवर पोचत नाहीत. नंतर बूच लावून बाटली पत्र्यावर भर उन्हात ६ तास आडवी ठेवावी. अर्ध्याहून अधिक आकाश ढगाळ असल्यास २ दिवस ठेवावी. संततधार पावसात मात्र पाणी उकळावे.

अतिनील किरण व उष्णता यांच्या संयुक्त परिणामाने रोगजंतू निकामी होतात. पाणी ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यास ही क्रिया जलद होते. क्षार, फ्लोराइड किंवा कीटकनाशकांचा अंश मात्र या रीतीने नाहीसा होत नाही. तयार पाणी त्याच बाटलीत ठेवून स्वच्छ भांड्यात ओतून प्यावे. ग्रामसेवकांनी हे प्रात्यक्षिक गावोगावी करून दाखवावे.